बावीस आणि चाळीस: छत्रपती संभाजीनगरच्या एका जनुकीय तपासणी केंद्राचा अनुभव

माझ्या थोरल्या भावाच्या आजारासाठी गेल्या दीड वर्षात छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी जनुकीय तपासणी व समुपदेशन केंद्रात आम्हाला पाच खेपा घालाव्या लागल्या. या केंद्राच्या काउंटरवर आम्हाला नको ती महागडी तपासणी करायला लावली गेली, आणि त्याच केंद्रात महिन्यातून दोन शनिवारी बसणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी ती चूक ओळखून आमच्या तीन पिढ्यांना छळणाऱ्या आजाराचे नेमके नाव शोधून दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मी जाणूनबुजून देत नाही. अशा तपासण्या ज्या घाईने विकल्या जातात, त्या घाईत ही चूक कुठेही होऊ शकते. परभणी, हिंगोली, बीड, नांदेडकडून एवढ्या लांब येणाऱ्या माणसाने पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, हे सांगणे मला जास्त निकडीचे वाटते.

आमचे घर सेलू तालुक्यातले आणि माळकरी. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, वेळेपासून घरात लिखित जपाचा नेम आहे. दिवेलागणीनंतर हातपाय धुऊन शंभरपानी वहीत ‘विठ्ठल विठ्ठल विठ्ठल’ असे एक पान पूर्ण लिहायचे आणि मगच जेवायला बसायचे. दादाने हा नेम विशीपासून सोडलेला नाही. भरलेली प्रत्येक वही तारीख घालून तो लोखंडी पेटीत ठेवतो. त्याच्या दुखण्याचा सर्वांत विश्वासू इतिहास त्या पेटीतच आहे. 2014 सालच्या वहीत एका ओळीत सात नावे बसलेली दिसतात आणि शिरोरेषा ताणलेल्या दोरीसारखी सरळ आहे. 2018 च्या वहीत ओळीला पाच नावे उरतात आणि ‘ठ्ठ’ची गाठ मोकळी पडू लागते. गेल्या वर्षीच्या वहीत ओळीला तीन नावे, तीही रेघ सोडून कधी वर तर कधी खाली गेलेली, आणि काही ठिकाणी पेनाच्या टोकाने कागद फाटलेला.

हाताच्या आधी पाय डळमळू लागले होते. दादा पाय फाकवून चालतो, वळताना त्याचा झोक जातो, बोलताना शब्द ओढले जातात. अशा चालण्या-बोलण्याचा गावात एकच अर्थ लावला जातो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाला एका प्रवासी जीपच्या चालकाने पिऊन बसला आहे असे समजून भर रस्त्यात उतरवले, ही गोष्ट दादाने आम्हाला सहा महिन्यांनी सांगितली. अण्णांचेही असेच झाले होते. पन्नाशीत त्यांचा तोल जाऊ लागला, कीर्तनाला उभे राहणे बंद झाले, पुढे घास गिळणे अवघड झाले, आणि ते गेले तेव्हाही त्यांच्या आजाराला नाव नव्हते. आजोबा साठीनंतर काठीशिवाय चालेनात, तेव्हा ते वयामुळे आहे असे सगळ्यांनी धरून चालले.

परभणीच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून लहान मेंदू आक्रसल्याचे सांगितले आणि चिठ्ठीवर ‘जनुकीय तपासणी करावी’ एवढेच लिहिले. ती चिठ्ठी घेऊन आम्ही मराठवाडा एक्स्प्रेसने संभाजीनगर गाठले. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद होती आणि जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. तोल जाणे हेच ज्यांचे दुखणे, अशी माणसे ज्या केंद्रात रोज येणार, तिथल्या जिन्याला दुसऱ्या बाजूने एक साधा लोखंडी पाइपही लावलेला नसावा, याचे मला फार वाईट वाटले. दादाला आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेले. वर पोहोचेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

काउंटरवरील मुलीने नाव, वय आणि मोबाइल नंबर विचारला, चिठ्ठी पाहिली आणि ‘संपूर्ण एक्झोम’ ही तपासणी सुचवली. सगळी जनुके एकाच वेळी पाहिली जातात, त्यामुळे काही सुटत नाही, असे तिने सांगितले. घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हा प्रश्न विचारला गेला नाही. सोयाबीनची पट्टी नुकतीच आलेली होती, त्या पैशांतून वहिनींनी 24,000 रुपये भरले. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतले गेले. ते काम मात्र हलक्या हाताने आणि स्वच्छपणे झाले.

सहा आठवड्यांनी आठ पानांचा इंग्रजी अहवाल आला. आजाराशी जोडता येईल असा कोणताही बदल आढळला नाही, असे पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते. त्या संध्याकाळी वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. आठवडाभरातच तो अहवाल आमच्यावर उलटला. भावकीतले एक वडीलधारे बैठकीत सर्वांसमोर म्हणाले, “चोवीस हजारांची तपासणी काही नाही म्हणतीय, मग दारूच की.” दादा काही बोलला नाही. जपाच्या वहीत त्या तारखेचे पान नाही.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हे माझे काम होते आणि ते मी उशिरा केले, याची मला खंत आहे. सहाव्या पानावर, बारीक टायपात, तपासणीच्या मर्यादा या मथळ्याखाली एक वाक्य होते. पुनरावृत्त अनुक्रमांत झालेली वाढ या पद्धतीने खात्रीने ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ होता. आमचे उत्तर ज्या ठिकाणी दडलेले होते, नेमके तेच ठिकाण तपासले गेले नव्हते.

पुनरावृत्त अनुक्रम म्हणजे काय, हे इथे थांबून सांगितले पाहिजे, कारण ते कळल्याशिवाय या सेवेचे बरेवाईट ठरवता येणार नाही. माणसाचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएवर लिहिलेला सगळा मजकूर, सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे. प्रथिने बनवण्याचा मजकूर त्यातल्या दोन टक्क्यांहून कमी जागेत मावतो, आणि जवळजवळ निम्मा जीनोम तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येऊन भरलेला आहे. अलू नावाचा सुमारे 300 अक्षरांचा एक तुकडा दहा लाखांहून अधिक ठिकाणी सापडतो. लाइन-1 या लांब तुकड्याच्या पूर्ण आणि अर्धवट प्रतींनी सुमारे 17 टक्के जागा व्यापली आहे. असे तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून ओळखले होते, आणि त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना 1983 मध्ये मिळाले. सुसुमु ओनो यांनी 1972 मध्ये रूढ केलेला ‘जंक डीएनए’ हा शब्द अजून बोलण्यात टिकून आहे; मला तो वर्गात उच्चारवत नाही. गुणसूत्रांच्या टोकांशी टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे शेकडो ते हजारो वेळा लागोपाठ येतात आणि आतल्या मजकुराचे रक्षण करतात. त्यांना कचरा म्हणणे हा अन्याय आहे.

आमच्या घराशी संबंध असलेला प्रकार याहून छोटा आहे. त्यात एक ते सहा अक्षरांचा तुकडा एकाच जागी ओळीने येत राहतो. पुनरावृत्तीची संख्या माणसागणिक वेगळी असते, आणि याच वेगळेपणावर माणसाची ओळख पटवण्याचे शास्त्र उभे आहे. ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे त्याची सुरुवात केली, आणि आपल्याला मुंबईइतक्याच जवळच्या वाटणाऱ्या हैदराबादेत, सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत, डॉ. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएतून मिळालेल्या पुनरावृत्त तुकड्याच्या आधारे भारतात ते तंत्र विकसित केले. बारावीच्या मुलांना मी हे दर वर्षी शिकवते. बहुतेक ठिकाणी अशा पुनरावृत्ती थोड्या कमी-जास्त झाल्याने काही बिघडत नाही. काही मोजक्या जनुकांत मात्र ती संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की आजार होतो. 1991 मध्ये मुलांची बौद्धिक वाढ खुंटवणारा फ्रॅजाइल एक्स आणि स्नायू दुबळे करणारा केनेडीचा आजार यांमागे हे कारण असल्याचे प्रथम कळले, 1993 मध्ये हातापायांच्या अनैच्छिक हालचाली घडवणाऱ्या हंटिंग्टनच्या आजाराचे जनुक सापडले, आणि आज अशा आजारांची संख्या चाळीसच्या पुढे गेली आहे.

आता मॅडमविषयी. दुसऱ्या खेपेला त्यांची वेळ घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तो आठ पानांचा अहवाल बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आणि आजारी माणसाचे चिन्ह पेन्सिलीने काळे केलेले. आजोबा, अण्णा, आमची आत्या आणि दादा अशी चार चिन्हे काळी झाली. प्रत्येकाखाली त्रास सुरू झाल्याचे वय लिहिले गेले: 62, 50, 53, 36. मॅडम त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी उजव्या हातात पेन आणि डाव्या हातात पेन्सिल धरून दादाला सांगितले की मान न हलवता एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहा. माझी नजर ज्या अंतरावर एका क्षणात उडी घेते, तिथे दादाचे डोळे गाळातून पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखे सरकत गेले. आम्ही इतकी वर्षे त्याच्यासमोर बसून जेवतो, पण हे कधी कोणाच्या लक्षात आले नव्हते. मॅडम म्हणाल्या, “हे पाहिलं असतं तर ती पहिली तपासणी सांगायची वेळच आली नसती.” त्यांच्या स्वतःच्या केंद्राची चूक त्यांनी आमच्यासमोर अशी सरळ मान्य केली, आणि तिथून पुढे आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांना शंका होती ती स्पायनोसेरिबेलर अटॅक्सिया या, लहान मेंदू खचून तोल जाणाऱ्या आनुवंशिक आजारांच्या गटातील दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकाराची, ज्याला एससीए-2 म्हणतात. या आजाराचे जनुक 1996 मध्ये सापडले. ते बाराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे नाव एटीएक्सएन-2. भारतातील अटॅक्सियाच्या कुटुंबांत हा प्रकार वारंवार आढळतो, आणि डोळ्यांची गती मंदावणे ही त्याची ठळक खूण आहे. त्या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे ओळीने येतात. बहुसंख्य लोकांत ती 22 वेळा असतात, 31 पर्यंत सर्वसाधारण मानली जातात, आणि 33 पासून पुढे आजाराची भीती सुरू होते. सी-ए-जी म्हणजे ग्लुटामिन या अमिनो आम्लाची खूण. ती जास्त वेळा आली की प्रथिनात ग्लुटामिनची शेपटी लांबत जाते, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतील पेशी वर्षानुवर्षे त्या प्रथिनाने खचत जातात.

पहिल्या तपासणीत हे का दिसले नाही, हे समजावून सांगताना मॅडमनी दादाच्या पिशवीतून डोकावणारी जपाची वही मागून घेतली. त्यांनी विचारले की हे पान कोणी फाडून त्याची बोटभर चिठोरी केली, प्रत्येक चिठोऱ्यावर चार-पाच वेळा ‘विठ्ठल’ आहे, आणि ती सगळी मिसळून तुमच्यापुढे टाकली, तर मूळ पानावर एकूण किती नावे होती हे सांगता येईल का? दादाने मान हलवली. कथा लिहिलेले पान असते, तर शब्दाला शब्द जुळवून ते पुन्हा उभे करता आले असते. सगळीकडे एकच नाव असले की कोणते चिठोरे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायला आधारच उरत नाही. एक्झोम तपासणीत डीएनए अशाच चिठोऱ्यांत वाचला जातो, आणि एका चिठोऱ्यात साधारण 150 अक्षरे असतात. चाळीस वेळा सी-ए-जी म्हणजे 120 अक्षरे. मग दोन्ही बाजूंची ओळखीची मिळून जेमतेम 30 उरतात. त्यातच हा भाग मुळात नीट पकडीत येत नाही, आणि अक्षरबदल शोधण्यासाठी बांधलेले नेहमीचे विश्लेषण पुनरावृत्ती मोजायला बसत नाही. फ्रॅजाइल एक्ससारख्या आजारात तर 200 हून अधिक पुनरावृत्ती असतात, तिथे चिठोरे कितीही नीट वाचले तरी पुरे पडत नाही.

हे ऐकताना मला मानवी जीनोम प्रकल्पाची आठवण झाली. 2001 मध्ये पहिला मसुदा आणि 2003 मध्ये पूर्णत्वाची घोषणा झाली, तरी सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिलाच होता, आणि तो मुख्यतः असल्याच पुनरावृत्तींचा होता, विशेषतः गुणसूत्रांच्या मध्यभागी 171 अक्षरांचा एकच तुकडा मैलोगणती चालत राहतो त्या पट्ट्यांचा. हजारो अक्षरे एका दमात वाचणारी यंत्रे आली, तेव्हा कुठे 2022 मध्ये तो भाग भरून निघाला. जी अडचण जगभरातल्या प्रयोगशाळांना वीस वर्षे पुरून उरली, ती सेलूहून आलेल्या एका शेतकऱ्याला पाच मिनिटांत त्याच्याच वहीवरून कळली. वर्गात हे इतके सोपे करून मला कधी सांगता आले नव्हते.

पुढचा प्रश्न दादानेच विचारला. अण्णांना पन्नाशीत झाले, मग मला पस्तिशीतच का? मॅडमनी पुन्हा वहीच पुढे केली. एकच नाव सलग लिहिताना हात आपोआप चालतो, मोजणी चुकते आणि एखादे नाव जास्तीचे पडते. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा पुनरावृत्तीच्या जागी दोन धागे एकमेकांवरून घसरतात आणि चुकीच्या ठिकाणी जुळतात, त्यामुळे नकलेत काही तुकडे जास्तीचे येऊ शकतात. पिढीगणिक आकडा वाढतो आणि आजाराचे वय खाली येते; या प्रकारात वडिलांकडून मुलाकडे जाताना ही वाढ अधिक होते. निरोगी माणसाच्या 22 मध्ये मात्र एक सोय असते. आठ सी-ए-जी नंतर एक सी-ए-ए, मग चार सी-ए-जी, पुन्हा एक सी-ए-ए, आणि शेवटी आठ. प्रथिनाच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ ग्लुटामिनच आहे, पण मधले वेगळे अक्षर घसरणीला अडसर घालते. “म्हणजे मेरुमणी,” दादा म्हणाला. माळ ओढताना बोटाला मेरुमणी लागला की फेरा कुठे संपला ते कळते. वाढलेल्या प्रतीत हा मधला मणी बहुधा नाहीसा झालेला असतो.

नवी तपासणी 6,500 रुपयांची होती. तीत जीनोमचे कोट्यवधी तुकडे वाचत नाहीत. फक्त त्या एका जागेच्या प्रती काढून त्यांची लांबी मोजतात, आणि लांबीवरून पुनरावृत्तीचा आकडा काढतात. तीन आठवड्यांत दोन पानी अहवाल आला. त्यात 22/40 असे लिहिले होते, सोबत एखाद्या आकड्याचा फरक पडू शकतो अशी स्वच्छ टीप होती. आईकडून आलेली प्रत 22, अण्णांकडून आलेली 40. मॅडमनी तो अहवाल फोनवर पाठवून दिला नाही, समोर बोलावून दिला, वहिनींना शेजारी बसवून दिला आणि सांगून झाल्यावर दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही तरी घाई केली नाही. शेवटी दादा म्हणाला, “म्हणजे मॅडम, माझ्यात अठरा नावं जास्तीची लिहिल्या गेली.” त्याच्या आवाजात मला दुःखापेक्षा सुटका जास्त ऐकू आली. आठ वर्षे त्याच्यावर जे बालंट होते, ते त्या दोन आकड्यांनी उतरवले होते.

या आजाराची वाढ थांबवणारे औषध आज नाही, हे त्यांनी लपवले नाही. तोल आणि चालणे टिकवण्याचे व्यायाम, बोलण्याचे व गिळण्याचे व्यायाम, पडण्यापासून बचाव, आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी लागणारे पत्र, एवढे त्यांनी हातात दिले. शिवाय केंद्राच्या लेटरहेडवर मराठीत चार ओळी लिहून, शिक्का मारून, प्लास्टिकमध्ये बंद करून दिल्या. या व्यक्तीला मेंदूचा आजार आहे, त्यामुळे चालताना तोल जातो व बोलणे अडखळते, यांनी मद्यपान केलेले नाही. दादा ते कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवतो. याचे केंद्राने काही पैसे घेतले नाहीत, आणि माझ्या मते आम्हाला मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

आणखी एका बाबतीत या केंद्राला माझे पूर्ण गुण आहेत. अहवाल आल्यावर माझ्या पुतणीच्या मामांनी आग्रह धरला की चौदा वर्षांच्या मुलीचीही तपासणी आत्ताच उरकून घ्यावी, म्हणजे पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको. ते पैसे भरायला तयार होते आणि काउंटरवर पावतीपुस्तकही उघडे होते. मॅडमनी ठाम नकार दिला. आजार मोठेपणी होणारा आहे, लहानपणी कळून करता येण्यासारखे काही नाही, त्यामुळे अठरा वर्षांची होऊन तिने स्वतः मागितल्याशिवाय हे रक्त घेतले जाणार नाही, असे त्यांनी मामांना हात जोडून सांगितले. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारी सेवा मी फार ठिकाणी पाहिलेली नाही.

माझाही प्रश्न आहेच. अण्णांच्या प्रत्येक अपत्याला ही प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. मला मॅडमनी संमतीपत्र घरी नेऊन वाचायला सांगितले, दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावले, आणि कळले तर कोणाला सांगणार, आणि नाही कळले तर काय अडते, असे प्रश्न विचारले. दोन्ही वेळा मी सही न करता परत आले. एकदाही मला घाई झाल्याचे जाणवले नाही.

तक्रारी तरीही कायम आहेत आणि त्या मी केंद्राला लेखी दिल्या आहेत. पहिली तपासणी चुकीची होती हे मान्य झाल्यावर दुसऱ्या तपासणीत सवलत मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, फक्त समुपदेशनाचे शुल्क माफ झाले. अहवालाचा सारांश मराठीत मिळत नाही. तपासणीची मर्यादा सहाव्या पानावर बारीक अक्षरांत छापणे मला मान्य नाही. ज्या ओळीत ‘काही आढळले नाही’ असे लिहिता, तिच्याच खाली ‘पुनरावृत्ती मोजलेल्या नाहीत’ हे तेवढ्याच ठळक अक्षरांत यायला हवे. ती ओळ तिथे असती, तर भावकीच्या बैठकीत दादाला ते ऐकून घ्यावे लागले नसते. मॅडम महिन्यातून दोनच दिवस येतात आणि काउंटर रोज चालू असते, हे या सगळ्याचे मूळ आहे. रक्त घेण्याआधी समुपदेशन सक्तीचे केले, तर आमच्यासारख्यांचे चोवीस हजार वाचतील.

ज्यांना अशा कामासाठी जायचे आहे त्यांनी समुपदेशनाच्या शनिवारचीच वेळ घ्यावी. जाताना घरातल्या आजारी माणसांची नावे आणि त्रास सुरू झाल्याचे वय कागदावर लिहून न्यावे, आत्या-काकांसकट, आणि एमआरआयची फिल्म सोबत ठेवावी. तोल जाणे, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, स्नायू आखडणे किंवा मुलाची बौद्धिक वाढ खुंटणे असे काही घराण्यात असेल, तर या तपासणीत पुनरावृत्ती मोजणार का आणि कोणत्या जनुकातल्या, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. एक्झोम तपासणी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. एखादे अक्षर बदलल्याने होणाऱ्या शेकडो आजारांत ती उपयोगी पडते. आमच्या घरातला दोष अक्षरांचा नव्हता, मोजणीचा होता. जुने हस्ताक्षर मिळाले तर तेही दाखवावे. मॅडमनी दादाच्या पाच वह्यांचे फोटो काढून त्याच्या फाइलीला जोडले आहेत.

समुपदेशनाला मी पाचपैकी पाच तारे देते, काउंटरला दोन, आणि जिन्याला एकही नाही. दादाची पुढची भेट आषाढीनंतरच्या शनिवारी आहे. लिफ्ट अजून दुरुस्त झालेली नाही, पण चालता न येणाऱ्या रुग्णांना त्या दिवसापासून तळमजल्यावरील खोलीत भेटू, असे मॅडमनी कळवले आहे, आणि येताना चालू वही आणायला सांगितली आहे.